डिजिटल पोर्टफोलिओ: विद्यार्थी आणि प्राध्यापक वारंवार विचारतात ते प्रश्न

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी), समुदाय सहभाग असे घटक पदवीत आले आणि त्यांचं मूल्यमापन लेखी पेपरने होणार नाही हे उघड झालं. तेव्हापासून पोर्टफोलिओबद्दलची विचारणा वाढली आहे. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी बी.एड.ला शिकवते, त्यामुळे उदाहरणं तिथली जास्त आहेत. पण बीए, बीकॉम, बीएस्सीच्या मुलांनाही ती सहज लागू करता येतील.

१. डिजिटल पोर्टफोलिओ म्हणजे नेमकं काय? आमची जर्नल स्कॅन करून ड्राइव्हवर टाकली तर चालेल का?

नाही. जर्नलमध्ये ठरलेले सगळे प्रयोग किंवा पाठ पूर्ण असणं महत्त्वाचं असतं. त्यामुळे वर्गातल्या सगळ्यांची जर्नल्स जवळपास सारखी निघतात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ती एकमेकांची बघून उतरवली जातात हे आपण सगळेच जाणतो.

पोर्टफोलिओत तीन गोष्टी लागतात: तुमचं खरं काम, त्यातून तुम्ही केलेली निवड, आणि हेच का निवडलं व त्यातून काय कळलं हे सांगणारं तुमचं टिपण. टिपण नसेल तर तो नुसता फोल्डर आहे. स्कॅन केलेली जर्नल त्यातला कच्चा माल म्हणून जरूर ठेवा.

२. मग लॉगबुक, बायोडेटा आणि लिंक्डइन प्रोफाइल यांहून हे वेगळं कसं?

लॉगबुकात कोणत्या तारखेला काय केलं आणि कोणी तपासलं याची नोंद असते. बायोडेटा आणि लिंक्डइनवर आपण झालेल्या गोष्टींची यादी देतो, तीही चांगल्या तेवढ्याच. पोर्टफोलिओत काम प्रत्यक्ष दिसतं आणि ते कसं सुधारत गेलं हेही दिसतं.

सीमा नेहमी स्पष्ट नसते. एमबीबीएसला २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. त्यात लॉगबुक सक्तीचं आहे आणि चिंतनपर लेखनही अपेक्षित आहे. अशा लॉगबुकला पोर्टफोलिओ म्हणायला माझी हरकत नाही.

३. हे खरंच कुठे वापरतात, की नुसतं कागदोपत्री आहे?

वापरतात, आणि बऱ्याच वर्षांपासून. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ॲल्व्हर्नो कॉलेजने १९९९ मध्येच आपली डिजिटल पोर्टफोलिओ व्यवस्था सुरू केली. तिथल्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये ई-पोर्टफोलिओला ‘विशेष परिणामकारक’ शिक्षणपद्धतींच्या यादीत अकरावी पद्धत म्हणून जोडलं. आर्किटेक्चर, फाइन आर्ट, फॅशन डिझाइन या शाखांत तर आपल्याकडेही कामाचा पोर्टफोलिओ दाखवल्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही. नवीन आहे ते बाकीच्या शाखांना.

४. एबीसी आयडी आणि डिजिलॉकर असताना पोर्टफोलिओ वेगळा कशाला?

ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुमचे क्रेडिट जमा होतात आणि डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका. फील्ड प्रोजेक्टचे दोन क्रेडिट मिळाले एवढं तिथे कळेल. गावातल्या पाण्याच्या टाकीचं सर्वेक्षण तुम्ही कसं केलं, प्रश्नावली दुसऱ्यांदा का बदलली, हे तिथे कुठेही दिसणार नाही. दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेताना दोन्ही जवळ असलेले बरे.

५. कोणतं ॲप किंवा वेबसाइट वापरावी?

गुगल साइट्सने सुरुवात करा. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि बहुतेक कॉलेजांनी दिलेल्या ई-मेलवर ते आधीपासून उपलब्ध असतं. कॉलेजात मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची व्यवस्था चालत असेल आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस असेल तर ‘महारा’ हे खास पोर्टफोलिओसाठी न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं मुक्त सॉफ्टवेअर जास्त चांगलं, कारण कोणतं पान कोणाला आणि कधीपर्यंत दिसावं हे त्यात विद्यार्थी स्वतः ठरवतो. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांनी गिटहब वापरावं, डिझाइनच्या मुलांनी बिहान्स.

फुकट वेबसाइट बनवून देणाऱ्या इतर सेवा मी सुचवत नाही. तुमच्या कृतिसंशोधनाच्या अहवालाशेजारी जाहिरात झळकते आणि वाचणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं.

६. माझ्याकडे लॅपटॉप नाही, फक्त मोबाईल आहे. मग काय करू?

मोबाईलवर गुगल साइट्सची पानं नीट बनवता येत नाहीत, त्यामुळे तो नाद सोडा. एकच गुगल डॉक उघडा. वर अनुक्रमणिका, खाली प्रत्येक नोंदीला मथळा, आणि फोटो-व्हिडिओंच्या ड्राइव्हवरच्या लिंक. हाताने लिहिलेलं पाठटाचण ड्राइव्ह ॲपमधल्या स्कॅनने घ्या. गॅलरीतल्या तिरक्या फोटोपेक्षा ते कितीतरी स्वच्छ वाचता येतं. टाइप करायचा कंटाळा येत असेल तर कीबोर्डचा माइक दाबून मराठीत बोला, मग चुका दुरुस्त करा.

प्राध्यापकांना विनंती: अशा डॉकला मांडणीचे गुण कापू नका. मांडणीला गुणच किती असावेत ते प्रश्न ११ मध्ये आहे.

७. मराठीतून लिहिलं तर चालेल का?

तुमच्या परीक्षेचं माध्यम मराठी असेल तर चालायलाच हवं. इंग्रजी माध्यम असलं तरी निदान टिपणं मराठीत लिहू द्यावीत असं माझं ठाम मत आहे. स्वतःच्या चुकीबद्दल माणूस आपल्या भाषेत जितकं नेमकं लिहितो तितकं उसन्या भाषेत लिहू शकत नाही.

एक काळजी घ्या. मजकूर युनिकोडमध्येच हवा. डीटीपीवाल्याकडून जुन्या लिपी-फॉन्टमध्ये टाइप करून आणलेली फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात, आणि ती शोधता किंवा कॉपीही करता येत नाही. तसं काम आधीच झालं असेल तर फॉन्ट रूपांतरक वापरून घ्या. जोडाक्षरं आणि रफार मात्र एकदा डोळ्यांखालून घाला.

८. त्यात काय काय ठेवायचं? प्रमाणपत्रं किती?

एका सत्रासाठी पाच-सहा नोंदी पुरेत. बी.एड.ला पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापनाचा (एकच कौशल्य घेऊन छोट्या गटापुढे केलेला) एक पाठ, सराव पाठातले दोन, एखादं शैक्षणिक साधन, आणि मुलांच्या उत्तरपत्रिकांवरून केलेलं विश्लेषण. बीकॉमला ओजेटीत स्वतः भरलेल्या एखाद्या विवरणाची नावं-आकडे झाकलेली प्रत, बीएस्सीला न जमलेला आणि मग जमलेला प्रयोग.

प्रमाणपत्रांसाठी एक वेगळं पान करा आणि तिथेच ठेवा. एका दिवसाच्या वेबिनारचं ई-प्रमाणपत्र तुम्ही काय शिकलात ते सांगत नाही. पोर्टफोलिओ चाळताना पहिल्या पानावर अशी दहा प्रमाणपत्रं दिसली की माझा तरी उत्साह मावळतो.

९. चिंतनात्मक टिपणात लिहायचं काय? दोन ओळींच्या पुढे सुचतच नाही.

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर.

बहुतेक टिपणं अशी असतात: ‘आजचा पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. फलकलेखन व वेळेचे नियोजन यात सुधारणा करायला हवी.’ हे टिपण कोणत्याही विषयाच्या, कोणत्याही इयत्तेच्या पाठाखाली जसंच्या तसं चिकटवता येईल. त्यात तो पाठ कुठे आहे?

आता हा नमुना बघा, दशांश अपूर्णांकांच्या पाठाचा: ‘०.४५ आणि ०.५ यांतली मोठी संख्या कोणती असं विचारलं. मागच्या दोन रांगांतून एकदमच ०.४५ असं उत्तर आलं. एका मुलीने कारणही दिलं, ४५ पाचापेक्षा मोठे ना बाई. मी लगेच फळ्यावर नियम लिहून दिला आणि पुढे गेले. तासाच्या शेवटी ०.३ आणि ०.२५ दिले तेव्हा तिने पुन्हा ०.२५ मोठी सांगितली. दुसऱ्या तुकडीत मी नियम सांगितला नाही. १०० घरांचा चौकटीचा कागद वाटला आणि दोन्ही संख्या रंगवायला लावल्या. ५० घरं रंगवताना त्यांच्या त्यांच्यातच वाद सुरू झाला. वेळ मात्र दुप्पट लागला आणि उदाहरणसंग्रह राहून गेला. तो गृहपाठ म्हणून द्यायचा की पुढचा तास घ्यायचा, हे अजून ठरवता आलेलं नाही.’

दुसऱ्या टिपणात भारी शब्द एकही नाही. एक प्रसंग आहे, मुलांचं प्रत्यक्ष उत्तर आहे, त्यावर शिक्षिकेने काय केलं आणि पुढच्या वेळी काय बदललं ते आहे, आणि न सुटलेला एक प्रश्नही प्रामाणिकपणे तसाच ठेवलेला आहे. सोबत रंगवलेल्या चौकटीच्या कागदाचा फोटो जोडला की पुरावाही झाला.

सुचत नसेल तर स्वतःला एवढंच विचारा: मला अनपेक्षित असं काय घडलं? तिथून लिहायला लागा. आणि त्याच दिवशी लिहा. आठवड्याने बसलात की हातून पहिल्या नमुन्यासारखंच टिपण उतरतं.

१०. फसलेला पाठ दाखवला तर गुण कमी होणार नाहीत का?

व्हायला नकोत, आणि हे प्राध्यापकांनी सत्राच्या सुरुवातीलाच लेखी सांगायला हवं. पाठ कसा झाला याचे गुण निरीक्षणात आधीच दिलेले असतात. पोर्टफोलिओत तोच पाठ पुन्हा तोलला तर मुलं पुढच्या वेळी फक्त गोड गोड लिहितील.

ही भीती आपल्याकडचीच आहे असं नाही. ब्रिटनमध्ये एका प्रशिक्षणार्थी डॉक्टरच्या खटल्यानंतर, २०१८ च्या सुमारास, ई-पोर्टफोलिओत मोकळेपणाने लिहिलेलं आपल्यावरच उलटेल अशी धास्ती तरुण डॉक्टरांमध्ये पसरली. तेव्हा तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलला जाहीर करावं लागलं की चौकशीसाठी आम्ही अशा चिंतनपर नोंदी मागणार नाही.

विद्यार्थ्यांनी आपली पानं दोन भागांत ठेवावीत. एक कामाचा भाग, जो फक्त तुम्ही आणि तुमचे मार्गदर्शक बघतील. दुसरा दाखवायचा भाग, बाह्य परीक्षकांसाठी आणि नोकरीच्या मुलाखतीसाठी. पहिल्यातलं दुसऱ्यात काय न्यायचं ते तुम्ही ठरवा.

११. गुण द्यायचे कसे? दोन परीक्षकांचे गुण जुळत नाहीत.

हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्याने शाळांमध्ये पोर्टफोलिओवर आधारित मूल्यमापन सुरू केलं तेव्हा १९९२ मध्ये रँड या संशोधन संस्थेने ते तपासलं, आणि वेगवेगळ्या परीक्षकांच्या गुणांत मेळ फार कमी आढळला. घटक ढोबळ असले, प्रत्येक विद्यार्थ्याने वेगळंच काही ठेवलेलं असलं आणि परीक्षकांचा एकत्र सराव झालेला नसला की असं होणारच.

२५ गुणांसाठी मी अशी विभागणी सुचवते: निवड आणि पुरावा ८, टिपणं १०, सूचनेनंतर केलेली दुरुस्ती ५, मांडणी २. मांडणीला मुद्दाम दोनच, नाहीतर ज्याच्याकडे चांगला लॅपटॉप त्याला जास्त गुण असं होतं. टिपणांना गुण देताना भावना मोजायची नाही. घटना, पुरावा आणि पुढचा बदल हे तीन दुवे जोडलेले आहेत का एवढंच बघायचं. ही रुब्रिक, म्हणजे गुणदानाची चौकट, मुलांच्या हाती पहिल्या आठवड्यातच पडायला हवी.

तपासणी सुरू करण्याआधी सगळ्या परीक्षकांनी तेच तीन पोर्टफोलिओ स्वतंत्रपणे तपासावेत आणि मग समोरासमोर बसून बोलावं. एकाने १० पैकी ८ दिले आणि दुसऱ्याने ४, तर का, हे त्या चर्चेत बाहेर येतं. ही बैठक टाळली तर रुब्रिक कितीही सुंदर असली तरी गुण जुळणार नाहीत.

१२. आमच्या युनिटमध्ये ५० विद्यार्थी आहेत. हे सगळं वाचायला वेळ कुठून आणायचा?

५० पोर्टफोलिओ, प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे जवळपास १७ तास. हे सत्राच्या शेवटच्या आठवड्यात अंतर्गत गुण भरण्याच्या घाईत बसवलं तर कोणीही फक्त पहिलं आणि शेवटचं पान बघेल. म्हणून मध्यावर एक टप्पा ठेवा. तेव्हा सगळा पोर्टफोलिओ बघू नका. प्रत्येकाने स्वतः निवडलेली एकच नोंद वाचा आणि दोन-तीन ओळींची सूचना द्या. शेवटी त्या सूचनेचं काय झालं ते बघा.

विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या नोंदींवर लिहिणं हाही चांगला मार्ग आहे, पण ‘छान आहे’ चालणार नाही असं आधी बजावावं लागतं. आणि प्राचार्यांना एक आग्रहाचं सांगणं: पोर्टफोलिओसाठी वेळापत्रकात आठवड्याला एक तास द्या. जो उपक्रम वेळापत्रकात नाही, तो मुलं आणि शिक्षक दोघेही शेवटच्या रात्री उरकतात.

१३. मुलं टिपणं एआयकडून लिहून आणतात. कसं ओळखायचं?

ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका, मराठी मजकुरावर तर मुळीच नाही. एखाद्या प्रामाणिक मुलीवर खोटा आळ येईल. प्रश्न ९ मधल्यासारखी नेमकी घटना आणि पुरावा मागितला की यंत्राचं अर्धं काम तिथेच थांबतं. गुगल डॉकमध्ये लिहायला लावलं तर व्हर्जन हिस्टरीत मसुदा कसा वाढत गेला ते दिसतं. आणि पाच मिनिटं समोर बसवून विचारा, ‘ही मुलगी काय म्हणाली होती? मग तू काय केलंस?’ ज्याने पाठ घेतलाय तो सांगेलच.

शुद्धलेखन तपासायला किंवा वाक्य नीट करायला एआय वापरलं असेल तर तसं खाली लिहिण्याची मुभा द्या.

१४. गटप्रकल्प असेल तर तो प्रत्येकाच्या पोर्टफोलिओत कसा यावा?

अहवाल एकच, टिपण ज्याचं त्याचं. मी नेमकं काय केलं, कोणत्या मुद्द्यावर आमचं पटलं नाही, शेवटी कोणाचं ऐकलं आणि का, हे प्रत्येकाने लिहायचं. चार जणांची टिपणं शेजारी ठेवली की कोण प्रत्यक्ष गेलं होतं आणि कोणाचं फक्त नाव होतं ते आपोआप कळतं.

१५. इंटर्नशिपमध्ये वर्गातल्या मुलांचे फोटो, व्हिडिओ टाकले तर चालतील का?

शक्यतो टाकू नका. बी.एड.ला दोन वर्षांत मिळून २० आठवडे तुम्ही शाळेत असता. मुलं तुमच्यावर विश्वास ठेवतात आणि मुख्याध्यापकही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शाळेने तोंडी ‘चालेल’ म्हटलं म्हणजे ती संमती झाली, असं नाही.

व्हिडिओ हवाच असेल तर कॅमेरा शेवटच्या बाकामागे ठेवा, म्हणजे तुम्ही दिसाल आणि मुलांच्या पाठी. वहीचा फोटो घेताना नाव, हजेरी क्रमांक आणि शाळेचा शिक्का झाका. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं असं बरेच जण समजतात. लिंक ज्याच्या हाती पडेल तो ते बघू शकतो. ड्राइव्हवर ठेवून फक्त मार्गदर्शकांच्या ई-मेलला परवानगी द्या.

ओजेटीवाल्यांसाठीही हेच: ग्राहकांची नावं, खाते क्रमांक, कंपनीची अंतर्गत कागदपत्रं पोर्टफोलिओत येता कामा नयेत.

१६. नॅकसाठी (कॉलेजच्या राष्ट्रीय मूल्यांकनासाठी) कॉलेजने माझा पोर्टफोलिओ मागितला. द्यावा लागेल का?

मूल्यमापनासाठी जमा केलेली प्रत कॉलेजकडे नोंद म्हणून राहते, ते योग्यच आहे. पण काम तुमचं आहे आणि त्याचे कर्तेही तुम्हीच. कॉलेजच्या वेबसाइटवर किंवा माहितीपत्रकात ते छापायचं असेल तर तुमची लेखी परवानगी घ्यायला हवी. आयक्यूएसीने, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाने, मागितलं तर दाखवायचा भाग द्या, कामाचा भाग देऊ नका (फरक प्रश्न १० मध्ये).

१७. तोंडी परीक्षेच्या दिवशी लिंकच उघडली नाही तर?

हे नेहमी होतं. बाह्य परीक्षक बसलेले असतात आणि पडद्यावर ‘परवानगी मागा’ असा संदेश येतो, कारण फाईल फक्त कॉलेजच्या ई-मेलवाल्यांना दिसेल अशी ठेवलेली असते. आदल्या दिवशी ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत दाखवायच्या भागातली प्रत्येक लिंक स्वतः उघडून बघा.

त्याशिवाय अंतिम तारखेला पूर्ण पोर्टफोलिओची पीडीएफ जमा करून घेण्याचा नियम कॉलेजांनी करावा. त्यामुळे तारखेनंतर कोणी काय बदललं हा वादही मिटतो. फेरतपासणीची मागणी आली तर गोठवलेली तीच प्रत तपासायची.

१८. दृष्टिहीन विद्यार्थ्याने पोर्टफोलिओ कसा करावा?

बोलून. ध्वनिमुद्रित टिपण लेखी टिपणाइतकंच ग्राह्य धरावं, रुब्रिक तीच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अशा वाजवी सोयी अपेक्षितच आहेत. प्राध्यापकांनी सूचना किंवा रुब्रिक स्कॅन केलेल्या चित्राच्या पीडीएफमध्ये पाठवू नये. एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर युनिकोड मराठी वाचतो, पण चित्रातली अक्षरं त्याला तशी वाचता येत नाहीत. बाकी विद्यार्थ्यांनीही फोटोखाली एका ओळीत वर्णन लिहायची सवय ठेवावी.

१९. पदवी झाल्यावर कॉलेजचा ई-मेल बंद होतो. मग पोर्टफोलिओचं काय?

निकालाची वाट बघू नका, शेवटच्या सत्रातच हलवा. गुगलच्या शैक्षणिक खात्यातून ड्राइव्हचा मजकूर वैयक्तिक खात्यावर पाठवण्याची सोय आहे, मात्र कॉलेजच्या ॲडमिनने ती सुरू ठेवलेली असावी लागते. ती बंद असेल तर टेकआउट ही गुगलचीच डाउनलोड सेवा वापरून सगळं डाउनलोड करा. वैयक्तिक खात्यावर फुकट जागा १५ जीबीच मिळते आणि त्यात जीमेल आणि फोटोही मोजले जातात, म्हणून पाठांचे लांबलचक व्हिडिओ आधी पेनड्राइव्हवर घ्या.

गुगल साइट असेल तर वैयक्तिक खात्याला संपादक म्हणून जोडा आणि तिथून तिची प्रत काढा. प्रत निघाली तरी पानांवर जोडलेल्या फाईल्स जुन्या खात्यातल्याच असतात. त्या एकेक करून नव्याने जोडाव्या लागतात, नाहीतर खातं बंद झाल्यावर पानं रिकामी दिसतील. महारावरून एचटीएमएल स्वरूपात पूर्ण पोर्टफोलिओ उतरवता येतो आणि तो इंटरनेटशिवायही उघडतो.